टाकीतली हवा इंजिनाला : किती सेकंद पुरते आणि ती कुठे खर्चावी

दाबाने भरलेल्या टाकीतली हवा इंजिनात सोडून त्याची ताकद वाढवायची, ही कल्पना. टाकी, व्हॉल्व्ह, पाइप यांची खरेदी करण्याआधी एक गणित मांडू. २ लिटरचं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला पळतंय. सेकंदाला १०० फेरे, आणि दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर हवा ओढणार, म्हणजे सेकंदाला ५० वेळा २ लिटर. कागदावर १०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ९० लिटर धरा. साध्या तापमानाला ही हवा साधारण १०७ ग्रॅम भरते. ढोबळ हिशेब असा की दर १० हॉर्सपॉवरला सेकंदाला साडेसात ग्रॅमच्या आसपास हवा लागते, म्हणजे हे इंजिन सुमारे १४० हॉर्सपॉवरचं.

आता मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, अर्धा बार जास्तीचा दाब दिला (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब), तर हवा दीडपट होते : सेकंदाला १६० ग्रॅम. ताकद कागदावर २१० हॉर्सपॉवर. हवा दाबून देणारा, एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर नाही, इंजिनावर त्यांचा भार नाही, आणि हवा गरम होण्याऐवजी थंडगार मिळते. म्हणूनच ही कल्पना दर काही वर्षांनी कुणाला तरी नव्याने सुचते.

जवळजवळ सगळे फसतात ते पुढच्या पायरीला. वाटतं असं की १०७ ग्रॅम इंजिन फिल्टरमधून ओढेलच, टाकीतून फक्त वरचे ५३ ग्रॅम द्यायचे. तसं होत नाही. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त झाला, की बाहेरून हवा आत येणंच थांबतं. उलट टाकीची हवा फिल्टरमधून बाहेर पळते. ती पळू नये म्हणून एकेरी झडप लावली, की इंजिन पूर्णपणे टाकीवर आलं. १६० च्या १६० ग्रॅम टाकीतूनच जाणार.

मग टाकी किती पुरेल? गॅरेजमधल्या कंप्रेसरची १० लिटरची, १० बार दाबाची टाकी घ्या. तिच्यात वापरता येण्याजोगी हवा जेमतेम १०० लिटर, म्हणजे १२० ग्रॅम. एक सेकंदही नाही. मी पहिल्यांदा हाच प्रयोग केला होता. इंजिनाला एक उचकी लागली आणि गेजचा काटा खाली. पाणबुडे वापरतात तशी १० लिटरची २०० बारची टाकी घेतली, तर साधारण २००० लिटर हवा, सुमारे २.४ किलो. पण ती शेवटपर्यंत वापरता येत नाही. २५ बारच्या खाली रेग्युलेटरला (टाकीचा दाब कमी करून देणारा भाग) पुरेसा दाब मिळत नाही, आणि टाकी इतक्या वेगाने रिकामी होताना आतली हवा गारठते, त्यामुळे काटा हवेच्या वजनापेक्षा लवकर उतरतो. ११ ते १२ सेकंद धरा, त्याहून एकही नाही.

म्हणजे टाकी तुम्हाला सेकंद विकत देते. प्रश्न फक्त ते कुठे खर्चायचे हा. ४०० मीटरची ड्रॅग शर्यत याच मापात बसते. घाटात, हायवेवर, लांबच्या ट्रॅकवर या सेकंदांचा काही उपयोग नाही. आणि गाडीला टर्बो असेल, तर हिशेब पूर्ण पालटतो. त्याकडे शेवटी येऊ, कारण माझ्या मते या कल्पनेचा खरा फायदा तिथेच आहे.

नायट्रसशी तुलना, एकदाच

ताकद वाढवायला शर्यतीच्या इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडतात. त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३ टक्के. शिवाय नायट्रस सोडताना इंजिन स्वतःची हवा ओढतच राहतं. वरचे तेच ७० हॉर्सपॉवर मिळवायला सेकंदाला सुमारे ३४ ग्रॅम नायट्रस पुरतो, हवा मात्र १६० ग्रॅम लागते. त्यातून नायट्रस टाकीत द्रवरूपात राहतो, त्यामुळे त्याच आकाराच्या टाकीत अडीच-तीनपट वजन मावतं. निव्वळ ताकदीच्या हिशेबात हवा हरते, हे मान्य करूनच पुढे जायचं. हवेच्या बाजूला दोन गोष्टी आहेत : ती कंप्रेसरने स्वतः भरता येते, आणि इंजिनाच्या दृष्टीने ती साधा बूस्टच, म्हणजे टर्बो देतो तसा जास्तीचा दाबच असते. दाबाचा सेन्सर ती मोजू शकतो, त्यामुळे पेट्रोलचं गणित सरळ राहतं.

एक गोष्ट मात्र ठाम. टाकीत शुद्ध ऑक्सिजन किंवा ऑक्सिजन वाढवलेली हवा कधीही भरायची नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तरी पेट घ्यायला पुरतो.

टाकी निवडणं आणि बसवणं

१० लिटर, २०० बार म्हणजे जवळपास ३९० किलोज्यूल साठवलेली ऊर्जा. १५०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावताना तिच्यात जेवढी असते, तेवढीच. टाकी डिकीत ठेवताना हा आकडा आठवा. त्यामुळे दाबाच्या हवेसाठीच बनवलेली, शिक्का असलेली, चाचणीची मुदत न उलटलेली टाकी घ्यायची. पाण्याच्या दाबाची ही चाचणी अनेक देशांत दर ५ वर्षांनी सक्तीची असते. एलपीजीचा सिलिंडर, जुना अग्निशामक, भंगारातली अनोळखी बाटली, यांतलं काहीही चालणार नाही. टाकीला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही, गंज घासून रंग मारून "नवी" करायची नाही.

बसवताना दोन स्टीलचे पट्टे, त्यांच्या आत रबर, आणि पट्ट्यांचे बोल्ट पत्र्याला नव्हे तर चासीच्या मजबूत भागाला. टाकी आणि माणसं यांच्यामध्ये पक्की भिंत हवी. टाकीच्या व्हॉल्व्हवर दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी जी सुरक्षा-चकती असते, तिचं तोंड गाडीच्या बाहेरच्या दिशेला. एक्झॉस्टपासून लांब.

टाकीपासून थ्रॉटलपर्यंत

पाणबुड्यांची टाकी घेतली म्हणून त्यांचा रेग्युलेटरही घ्यावासा वाटतो. तो माणसाच्या श्वासासाठी असतो. आपल्याला मिनिटाला सुमारे ८००० लिटर हवा हवी, तो त्याच्या आसपासही जात नाही. औद्योगिक, मोठ्या प्रवाहाचा रेग्युलेटर लागतो, जो २०० बारवरून २० बारवर आणील. या कामातला सर्वांत महाग भाग बहुधा हाच. इथे काटकसर केली, तर पुढचं सगळं फुकट.

जास्त दाबाच्या बाजूचा मुख्य व्हॉल्व्ह सुईचा, हळू उघडणारा घ्या. झटक्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह लावला, तर पुढच्या रिकाम्या पाइपातली हवा एकदम दाबली जाऊन तापते, आणि तिथे तेल असेल तर पेट घेऊ शकते.

२० बारच्या पुढे नोझल. दाबातला फरक एवढा मोठा असला की नोझलमधून किती हवा जाईल, हे फक्त मागच्या दाबावर ठरतं, मॅनिफोल्डमध्ये काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. २० बारला १६० ग्रॅम सोडायला साधारण ७ मिलिमीटर व्यासाचं एक भोक पुरतं. सोपं वाटतं, आणि नेमका धोका इथेच आहे. हेच १६० ग्रॅम ३००० आरपीएमला सोडले, तर इंजिन त्या वेगाला निम्मीच हवा गिळतं. मॅनिफोल्डमधला एकूण दाब दीड बारऐवजी ३ बारकडे निघतो. पिस्टन आणि हेड गॅस्केट याची वाट पाहत बसत नाहीत.

म्हणून एका मोठ्या नोझलऐवजी साडेतीन मिलिमीटरची चार नोझल लावा, प्रत्येकाला वेगळा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), प्रत्येकातून ४० ग्रॅम. हिशेब सुटसुटीत बसतो : दर १५०० आरपीएमला एक नोझल. ३००० ला दोन उघडी, ४५०० ला तिसरं, ६००० ला चौथं. दोन टप्प्यांच्या मध्ये दाब हळूहळू उतरतो आणि पुढचं नोझल उघडलं की पुन्हा चढतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, पण इंजिन शाबूत राहतं. लहान सोलेनॉइड झटपट उघडबंद होतात, आणि एखादा उघडाच अडकला तरी घात मर्यादित राहतो. सोलेनॉइड वीज गेल्यावर बंद होणारेच हवेत.

हवा सोडायची जागा थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, आधी. क्रम असा : एअर फिल्टर, मग एकेरी झडप, मग एक मजबूत धातूचा डबा जिथे नोझल उघडतात, मग थ्रॉटल, मग मॅनिफोल्ड. काही जण थेट मॅनिफोल्डमध्ये नोझल लावतात. तसं केलं तर पाय उचलल्यावरही इंजिन ओढतच राहील. थ्रॉटलच्या आधी सोडली, तर पाय उचलताच थ्रॉटलची पाकळी हवा अडवते. डब्यात अडकलेल्या हवेला वाट म्हणून ०.६ बारला उघडणारा सुटका-व्हॉल्व्ह लावायचा. त्याचं तोंड किमान ३० मिलिमीटरचं हवं. चारही नोझल उघडी अडकली तर सगळा प्रवाह तिथून जायला हवा, आणि त्यासाठी २६ मिलिमीटर तर नुसत्या गणितालाच लागतात.

नोझलचा झोत थेट थ्रॉटलच्या पाकळीवर किंवा रबरी होजवर मारू नका. झोत डब्याच्या भिंतीकडे वळवा किंवा पुढे भोकं पाडलेली नळी लावा. हवा विलक्षण थंड असते. रेग्युलेटरमध्येच ती तीसेक अंश उतरू शकते, आणि टाकी रिकामी होत जाईल तसा गारठा वाढत जातो. साधं रबर अशा थंडीत कडक होऊन तडकतं, म्हणून पाइप धातूचे आणि ओ-रिंग कमी तापमानाला चालणाऱ्या घ्या. टाकीतल्या हवेत ओल असेल तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो आणि तो उघडा किंवा बंद, कसाही अडकू शकतो.

टर्बो नसलेल्या इंजिनाचं मॅनिफोल्ड आतून ओढलं जाण्यासाठी बनवलेलं असतं, आतून दाबलं जाण्यासाठी नाही. प्लास्टिकचं असेल तर त्याचे सांधे तपासा. मग मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक बारीक नळी शोधून काढा. क्रँककेसच्या वाफेची नळी : तिच्यात एकेरी व्हॉल्व्ह नसेल तर दाब क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सील बाहेर येतील. पेट्रोल टाकीच्या वाफेची नळी : तिथेही तेच. ब्रेक बूस्टरची नळी : तिच्यात एकेरी व्हॉल्व्ह असतोच, पण तो जुना झाला असेल तर आत्ताच बदला. शर्यतीच्या शेवटी ब्रेक मारताना तो चालतो की नाही हे शोधायची वेळ येऊ नये.

पेट्रोल आणि स्पार्क

हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असेल, तर तो इथे आंधळा होतो. सगळी हवा त्याच्या पुढे, टाकीतून येतेय आणि त्याला शून्य दिसतंय. ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी करील, मिश्रण पातळ होईल, पिस्टन वितळेल. म्हणून मॅनिफोल्डचा दाब आणि हवेचं तापमान यांवर चालणारा ईसीयू हवा, आणि दाबाचा सेन्सर एकूण किमान अडीच बारपर्यंत वाचणारा. तापमानाचा सेन्सर नोझलनंतर, मॅनिफोल्डमध्ये. अनेक ईसीयूंचे तक्ते उणे ४० अंशांशी संपतात. वाचन तिथे पोहोचलं तर थांबा, कारण त्याच्या खाली ईसीयूचं पेट्रोल म्हणजे अंदाज.

१६० ग्रॅम हवेला १२ ला १ या प्रमाणात सेकंदाला १३.३ ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला जवळपास १०७० मिलिलिटर. चार इंजेक्टर, प्रत्येक जास्तीत जास्त ८५ टक्के वेळ उघडा धरला, तर प्रत्येकी ३१५ मिलिलिटरचा. मूळ इंजेक्टर बहुधा २०० च्या आसपासचे असतात, ते बदलावे लागतील. पेट्रोलचा दाब मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर वाढत नसेल, तर आणखी एक चोर आहे. इंजेक्टरांना ३ बारने पेट्रोल देणाऱ्या रेलवर अर्ध्या बारचा बूस्ट आला की इंजेक्टरचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. तेवढी जागा आधीच सोडा. पंपाची क्षमताही तपासा.

स्पार्कचं टायमिंग सुरुवातीला ७ अंशांनी मागे घ्या. थंड हवेमुळे नॉकिंग (मिश्रणाने वेळेआधी आपोआप पेट घेणं) कमी होतं हे खरं, पण त्या भरवशावर पहिल्याच दिवशी टायमिंग पुढे ठेवू नका. टाकी भरलेली असताना आणि रिकामी होत असताना हवेचं तापमान वेगवेगळं असतं. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), त्यांची फट ०.७ मिलिमीटरच्या आत. मूळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५ च्या वर असेल, तर अर्धा बार विसरा, ०.३ वर समाधान माना. क्लचला दीडपट टॉर्क सोसेल का, हाही प्रश्न आहेच.

हवा कधी सुटावी

सोलेनॉइडची वीज एका ओळीत इतक्या अटींतून जायला हवी : हाताने दाबलेलं बटण, पूर्ण उघडा थ्रॉटल, ३००० ते ६३०० च्या मधला आरपीएम, पाय उचललेला क्लच, पुरेसा पेट्रोलचा दाब. एकही अट तुटली की हवा बंद. मिश्रण पातळ झालं तर हवा कापण्याची सोय ईसीयूत असेल तर तीही लावा. ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा मुख्य वीज तोडणारा स्विच वेगळा ठेवा.

चाचणी, घाई न करता

इंजिन बंद ठेवून टाकीत फक्त ३० बार भरा, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा, रात्रभर सोडा. सकाळी काटा हलला असेल तर गळती शोधा. जास्त दाबावर हाताने चाचपून गळती शोधायची नाही, बारीक झोत कातडी फाडतो. मग थ्रॉटल बंद, इंजिन बंद, एक एक नोझल उघडून सुटका-व्हॉल्व्ह ०.६ ला उघडतोय का ते पाहा. कानाला संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आवाज कल्पनेपेक्षा फार मोठा असतो.

त्यानंतर डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र), रस्त्यावर नाही. आधी हवेशिवाय मिश्रण आणि टायमिंग नीट करून घ्या. मग दोन नोझल, ३५०० आरपीएम, दोन सेकंद. लॉग वाचा. प्लग काढून पाहा. पुढचं नोझल दुसऱ्या दिवशी उघडलं तरी काही बिघडत नाही. ट्रॅकवर नेण्याआधी तिथल्या आयोजकांचे दाबाच्या टाकीबद्दलचे नियम वाचा. अनेक ठिकाणी टाकीचा शिक्का आणि बसवणी तपासल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

टर्बो असेल तर

आता ती गॅरेजमधली १० लिटर, १० बारची टाकी परत आणा, जी मघाशी एक सेकंदही पुरली नव्हती. टर्बो इंजिनाची अडचण ६००० आरपीएमला नसते. ती असते २००० ला, पाय दाबल्यावर टर्बो फिरू लागेपर्यंतच्या त्या सेकंदभरात. २००० ला आपलं २ लिटरचं इंजिन अर्ध्या बारच्या बूस्टसह सेकंदाला ५३ ग्रॅम हवा घेतं. टाकी १० वरून ४ बारवर येईपर्यंत सुमारे ७० ग्रॅम देते. म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास. त्या सेकंदात इंजिन जास्त इंधन जाळतं, एक्झॉस्ट जोरात येतो, आणि टर्बो स्वतःच्या पायावर उभा राहतो. पुढची ताकद टर्बोची, टाकीची नाही. थोडी हवा जाऊन मोठं काम होतं ते इथे.

मोठे उत्पादक याच वाटेने गेले. व्होल्वोने २०१६ मध्ये डी-५ डिझेल इंजिनात पॉवरपल्स आणलं : २ लिटरची टाकी, १२ बार, छोटा विजेवरचा कंप्रेसर, आणि हवा इनटेकमध्ये नाही तर टर्बाइनच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये. त्या टाकीत पुरत्या ३० ग्रॅमही हवा नसते, पण थेट टर्बाइनच्या पात्यांवर गेली की तेवढी पुरते. ट्रक आणि बससाठी क्नॉर-ब्रेमझेने हवा इनटेकमध्ये सोडणारी प्रणाली केली. जहाजांवरच्या मोठ्या डिझेल इंजिनांत टर्बोच्या कंप्रेसर-चाकावरच हवेचे झोत मारतात, त्याला जेट असिस्ट म्हणतात.

घरी करायचं तर इनटेकची वाट सोपी. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि थ्रॉटलच्या मध्ये एकेरी झडप, तिच्या पुढे नोझल. टर्बोचा दाब झडपेपुढच्या, थ्रॉटलकडच्या दाबापेक्षा वाढला की झडप आपोआप उघडते. झडप बंद असताना टर्बोची हवा अडून कंप्रेसर धडधडू नये, म्हणून झडपेच्या मागे जास्तीची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ठेवा. एक्झॉस्टच्या वाटेला मात्र घरी हात घालू नका. तापलेल्या टर्बाइनवर गार हवा आणि दाबाच्या टाकीकडे उलटा येऊ पाहणारा गरम धूर, हे दोन्ही सांभाळणं कारखान्याचं काम आहे. आणि गाडीला हवेचे ब्रेक असतील, तर त्यांच्या टाकीतून नळी काढायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. वेगळी टाकी, वेगळा कंप्रेसर.

१० बारची टाकी बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर दोन-तीन मिनिटांत परत भरतो, म्हणजे ही सोय रोज, पुन्हा पुन्हा वापरता येते. २०० बारची टाकी भरायला मिनिटाला १०० लिटर देणाऱ्या जास्त दाबाच्या कंप्रेसरलाही वीस मिनिटं लागतात, आणि ती फक्त बारा सेकंद चालते.

भरणं आणि ठेवणं

जास्त दाबाची टाकी श्वासाच्या हवेच्या दर्जाच्या, कोरड्या आणि तेलविरहित कंप्रेसरवरच भरा. सावकाश भरा. पटकन भरली तर टाकी तापते, काटा २०० दाखवतो, आणि थंड झाल्यावर १८० च्या आसपास उतरतो. ते खरे बार नव्हते. शर्यत नसलेल्या दिवशी टाकी गाडीतून काढून सावलीत, उभी, हलणार नाही अशी ठेवा. आत १० ते २० बार शिल्लक राहू द्या. पूर्ण रिकामी ठेवली तर व्हॉल्व्हमधून दमट हवा आत शिरते, आणि स्टीलच्या टाकीला आतून गंज चढायला सुरुवात होते.